पोरांना संसद शिकवायची म्हणजे नक्की काय शिकवायचं? (नाशिककरांनो, मदत करा)

गोदाकाठचा
इंदिरानगरच्या अंगाला आमची कॉलनी आहे. तिथे एका हॉलमध्ये छोटी अभ्यासिका चालते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी संध्याकाळचा एक तास माझ्या गळ्यात पडलाय. विषयही मीच हौसेने सुचवला, ‘आपली संसद आणि राजकारण’. आता निस्तरतोय.

चौदा ते अठरा वयाची वीसेक मुलं येतात. पहिला तास परवा झाला आणि सपशेल आपटला. रात्री जागून तक्ता केला होता. लोकसभा ५४३, राज्यसभा २४५, त्यातले २३३ निवडून आलेले आणि १२ राष्ट्रपतींनी नेमलेले. विधेयकाची तीन वाचनं, लोकसभेचे सभापती काय करतात, वगैरे वगैरे. दहाव्या मिनिटाला मागच्या रांगेतला एक गडी भिंतीला टेकून झोपला. दुसऱ्याने विचारलं, “काका, हे परीक्षेला आहे का?” नाही म्हटल्यावर त्याने वही मिटली.

तास संपला, सगळे चपला घालत होते. तेवढ्यात एका मुलीने सहज विचारलं, “काका, कांद्याची निर्यातबंदी झाली तेव्हा आपल्या खासदारांनी हो म्हटलं होतं की नाही?” तिचं आजोळ निफाड तालुक्यात आहे. मला उत्तर आलं नाही. “बघून सांगतो” म्हटलं आणि दिवे बंद केले.

तर दोन गोष्टी हव्यात. एक, त्या मुलीला काय सांगू? दोन, हा तास कसा घेऊ? पक्षांची धुणी इथे धुऊ नका, एवढी विनंती.

चिवडा_तिखट
माझं मत विचाराल तर पोरांना राजकारणापासून लांबच ठेवा. अठरा पूर्ण झाली की आपोआप कळतं. नाहीतर आत्ताच बॅनरवर फोटो यायला लागतील, “युवा नेतृत्व” म्हणून. आमच्या गल्लीत असे तीन युवा नेतृत्व आहेत आणि तिघांचीही बारावी राहिली आहे.

वाचनवेडी
वाखूण साठवली. माझा मुलगा दहावीत आहे, वाचतेय.

उन्हाळ_कांदा
गोदाकाठचा काका, त्या पोरीला सांगा, कुणीच हो म्हटलं नव्हतं आणि कुणी नाहीही म्हटलं नव्हतं. कारण कुणाला विचारलंच नव्हतं.

आम्ही निफाडकडचे. ७ डिसेंबर २०२३ ची तारीख डोक्यात कोरलेली आहे. लाल कांदा निघत होता. लाल कांदा चाळीत टिकत नाही हो, उन्हाळ कांद्यासारखा साठवून ठेवता येत नाही. काढला की बाजारात न्यायचाच. अशा वेळी बंदी आली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतं, तेव्हाही जिल्ह्यात लिलाव बंद पडले होते.

माझा पुतण्या तेव्हा अकरावीत होता. त्याने मला हाच प्रश्न विचारला होता. मग आम्ही दोघांनी शोधलं. संसदेने १९९२ मध्ये विदेश व्यापाराचा कायदा केला. त्यात काय निर्यात करायचं आणि काय नाही हे ठरवायचा अधिकार केंद्र सरकारला देऊन टाकला. म्हणजे मतदान झालं ते तेव्हा, एकदाच. आता वाणिज्य मंत्रालयाखाली विदेश व्यापार महासंचालक बसतात, त्यांच्या कार्यालयाची एक अधिसूचना निघते आणि दुसऱ्या दिवशी आमचा ट्रॅक्टर बाजार समितीच्या दारात उभा.

यातली गंमत अशी की त्या वेळी दिल्लीत हिवाळी अधिवेशन चालूच होतं. ४ ते २१ डिसेंबर. सभागृह भरलेलं, आणि बंदी आली कागदावरून. ती उठली ४ मे २०२४ ला. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान होतं २० मे ला. आता यातून काय समजायचं ते ज्याचं त्याने समजावं, काकांनी धुणी धुऊ नका म्हटलंय.

बंदी उठली तेव्हाही शुल्क ४० टक्के राहिलंच. सप्टेंबरमध्ये ते २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण गेलं. प्रत्येक वेळी नुसती अधिसूचना.

गोदाकाठचा
भाऊ, हे फार मोठं काम केलंत. माझ्या तक्त्यात “संसद कायदे करते” एवढंच होतं. कायद्याने दिलेला अधिकार वापरून सरकार काय काय करतं, हे तक्त्यात कुठे बसवायचं ते मला सुचलंच नव्हतं. पण मग मुलांचा पुढचा प्रश्न येणार की खासदार करतात तरी काय?

दुरुस्तीवाला
आधी एक दुरुस्ती, नाहीतर मला झोप लागायची नाही. लोकसभेचे *अध्यक्ष*, राज्यसभेचे *सभापती*. आपल्याकडेही विधानसभेचे अध्यक्ष आणि विधान परिषदेचे सभापती. पहिले लोकसभा अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे चक्क मराठी माणूस. निदान त्यांच्यासाठी तरी शब्द बरोबर वापरा.

आता मुद्दा. अधिसूचनेला संसदेत मत नसतं, पण ती संसदेच्या नजरेबाहेरही नसते. दोन्ही सभागृहांची दुय्यम विधिविधान समिती आहे. सरकारला दिलेला अधिकार सरकार हद्दीत राहून वापरतंय का, हे ती बघते. तिच्याकडे कॅमेरे वळत नाहीत, म्हणून ती कुणाला माहीत नसते.

आणि खासदाराच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे प्रश्न. तारांकित प्रश्नाला मंत्री उभा राहून तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकितला लेखी उत्तर. लोकसभेत एका दिवसाला तारांकित फक्त २०. कुणाचे घ्यायचे ते सोडत काढून ठरतं. किमान १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. प्रश्नोत्तराचा तास संपला की शून्य प्रहर, म्हणजे तातडीचे विषय मांडायची वेळ. हा नियमपुस्तकात कुठेही नाही, आपल्याच खासदारांनी रुळवलेली पद्धत आहे.

मुलांना एक काम द्या. लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरं सगळ्यांना खुली आहेत. आपल्या खासदाराचं नाव टाकायचं आणि त्यांनी काय काय विचारलंय ते वाचायचं. फक्त एक भान ठेवा, खासदार मंत्री झाला की तो प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. म्हणून शून्य दिसलं की लगेच बोटं मोडू नका.

माहेर_मालेगाव
“आपला खासदार” म्हणजे कोण, हे आधी ठरवा की. नाशिक जिल्ह्यात विधानसभेच्या १५ जागा. त्यातल्या सहा नाशिक लोकसभेत, सहा दिंडोरीत आणि उरलेल्या तीन, म्हणजे मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण, धुळे लोकसभेत. माझं माहेर मालेगावचं. जिल्हाधिकारी नाशिकचे आणि खासदार धुळ्याचा, हे लग्नाआधी मला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

चिवडा_तिखट
लग्नाआधी हे विचारणारी पहिलीच बाई बघितली.

निवृत्त_कारकून
३१ वर्षं सरकारी कचेरीत काढली. एक खेळ सांगतो, खर्च शून्य. मी सिन्नरला भाच्याच्या मित्रांबरोबर खेळलोय.

जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे करा. प्रत्येकावर एक विषय लिहा. रस्त्यावरचा दिवा. नळाचं पाणी. गंगापूर धरण. वीजबिल. दहावीचा पेपर. नीट परीक्षा. पोलीस चौकी. रेल्वेचा थांबा. पाथर्डी फाट्याचा उड्डाणपूल. कांद्याची निर्यात. बापाच्या पगारातून कापला जाणारा आयकर. मग चार खोके ठेवा. महापालिका किंवा ग्रामपंचायत, विधानसभा, संसद आणि चौथ्यावर नुसतं प्रश्नचिन्ह. मुलांनी तुकडे टाकायचे आणि का टाकला ते सांगायचं.

भांडणं होतात आणि व्हायलाच हवीत. नळ महापालिकेचा, पण नळातलं पाणी ज्या धरणातून येतं ते राज्याच्या जलसंपदा विभागाचं. उड्डाणपूल शहराच्या पोटातून जातो, पण महामार्ग केंद्राचा. दहावी राज्याची, नीट केंद्राची, कारण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदे करता येतात. पोलीस राज्याचे. त्यामुळे चौकीबद्दल खासदाराला साकडं घालणारा माणूस चुकीच्या देवळात नारळ फोडतोय, हे पोरांना पाच मिनिटांत कळतं.

आमच्या खेळात सगळ्यात जास्त वेळ गेला तो गटारीवर. एक मुलगा ठाम होता की गटार खासदार बांधतो, कारण त्याच्या गल्लीत “खासदार निधीतून” अशी पाटी आहे. त्याचं अगदीच चूक नव्हतं. खासदाराला वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात. सुचवता, बरं का. मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाकडून होतो. आता ५ कोटी भागिले सहा विधानसभा मतदारसंघ, हे गणित पोरांना फळ्यावर करायला लावा. खासदार म्हणजे गटारीचा ठेकेदार नाही, हे आपण सांगायची गरज उरत नाही.

आणि पाटीवर नाव कुणाचं मोठं असतं तेही बघायला सांगा. ३१ वर्षांत मी पाट्याच जास्त वाचल्या.

बारावी_कला
काका, ती कांद्यावाली मुलगी मीच. आईच्या आयडीवरून वाचत होते, आता स्वतःचा काढला.

एक सांगू? तुमचा तक्ता वाईट नव्हता, फक्त आमच्यापर्यंत पोचला नाही. पण मोठी माणसं “तुम्ही देशाचं भविष्य” म्हणतात ना, तेव्हा जास्त झोप येते. आमचा वर्तमानकाळ कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी कॉलेजात अभिरूप संसद झाली. निवड झाली म्हणून मी खूश होते. मग सरांनी टाइप केलेली संहिता हातात दिली. कुणी काय प्रश्न विचारायचा, मंत्र्याने काय उत्तर द्यायचं, बाकं कधी वाजवायची, सगळं लिहिलेलं. “इथे विरोधक सभात्याग करतात” अशी कंसात सूचना. मी विरोधी पक्षात होते. तालमीत मी उत्तर ऐकून मनातला एक पूरक प्रश्न विचारला, तर शिक्षणमंत्री झालेली मैत्रीण रडवेली झाली, कारण तिच्याकडे पुढची ओळच नव्हती. सर मला म्हणाले, “शिस्त पाळ.” आम्हाला बक्षीस मिळालं. सभात्याग सगळ्यात चांगला आमचा होता म्हणे.

दुसरं. माझी ताई २०१८ मध्ये अठराची झाली. महापालिकेची निवडणूक २०१७ ला झाली होती आणि त्यानंतर थेट २०२६ ला. मार्च २०२२ पासून प्रशासकच होते. लोकसभा, विधानसभा तिने दोन-दोनदा मतदान केलं, पण घरासमोरच्या रस्त्याचं पहिलं मत द्यायला तिला आठ वर्षं लागली. हे आम्हाला नागरिकशास्त्रात का सांगत नाहीत? त्या पुस्तकात सगळं वेळेवर होतं.

गोदाकाठचा
बाळ, मान्य. पुढच्या शनिवारी तक्ता आणणार नाही.

पेठ_सुरगाणा
तुमचं सगळं शहराचं चाललंय म्हणून थोडं आमच्याकडचं. मी पेठ तालुक्यातला. आमच्याकडे पोरांना लोकशाही दाखवायला दिल्ली लागत नाही, ग्रामसभा पुरते. लोकसभेत आपण माणूस पाठवतो, ग्रामसभेत आपण स्वतःच बसतो. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण सभासद. आमचा भाग अनुसूचित क्षेत्रातला, त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. जमीन, गौण खनिज, गौण वनोपज या बाबतीत ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. कागदावर तरी आहे. प्रत्यक्षात सभेला किती माणसं बसतात आणि किती सह्या नंतर घरोघर फिरून घेतात, ते पोरांनी डोळ्यांनी बघावं. ते बघितल्यावर माझा मुलगा म्हणाला, बाबा, गणपूर्ती म्हणजे काय? त्याआधी तो शब्द त्याच्या पुस्तकात तीन वर्षं होता.

गणपूर्ती म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी. लोकसभेची एक दशांश, म्हणजे ५५. टीव्हीवर रिकामी बाकं दिसतात तेव्हा मोजायला सांगा.

शाळामास्तर
अभिरूप संसदेबद्दल त्या मुलीने लिहिलंय ते खरं आहे आणि मी दोन्ही बाजूंनी दोषी आहे. मीही संहिता लिहिल्या आहेत. कारण सोपं आहे. परीक्षक येतात, वेळ मोजून असतो आणि मुलं मोकळी सोडली की टीव्हीवर बघितलेलंच करतात, म्हणजे कागद फाडणं आणि वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरणं. एका वर्षी मी संहिता न देता प्रयोग केला. पाचव्या मिनिटाला संपूर्ण सभागृह वेलमध्ये होतं आणि अध्यक्ष झालेला मुलगा हसून हसून बेजार.

पण नंतर एक युक्ती सापडली, पक्षादेशाची (व्हिप म्हणतात तोच). वीस मुलांचे दोन पक्ष करायचे. प्रस्ताव त्यांच्या जिव्हाळ्याचा ठेवायचा. मी “अभ्यासिकेत मोबाइल बाहेर जमा करावेत” हा ठेवला होता. प्रत्येक पक्षाच्या प्रतोदाने चिठ्ठी काढायची, “सर्वांनी बाजूने मतदान करावे.” आधी आवाजी मतदान घ्यायचं, “होय”वाले आणि “नाही”वाले ओरडतात. ज्याचा आवाज मोठा त्याचा विजय, असं अध्यक्ष ठरवतो. मग कुणीतरी मतविभागणी मागतो. आता हात वर करून, नावानिशी. आणि इथे गोची होते. ज्याला मोबाइल द्यायचा नाही पण पक्षादेश बाजूचा आहे, तो काय करणार?

आमच्याकडे एका मुलीने पक्षादेश मोडला. मग राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, काढली. १९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती. पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. आधी एक तृतीयांश फुटले तर सूट होती, ती २००३ मध्ये काढली. आता दोन तृतीयांश सदस्य विलीनीकरणाला तयार हवेत. आणि निर्णय कोण देणार? अध्यक्ष. मुलं ओरडली, “पण सर, अध्यक्ष तर त्यांच्याच पक्षाचा आहे!” महाराष्ट्रातल्या मुलांना यापुढे काही शिकवावं लागत नाही. त्यांनी २०२२ पासूनच्या बातम्या आपल्याएवढ्याच बघितल्या आहेत. मी फक्त एवढंच म्हटलं की कुणाचंही नाव न घेता नियम सांगा. तो तास सर्वात अवघड गेला आणि सर्वात चांगलाही.

चिवडा_तिखट
बरं, एक शंका. डिपॉझिट जप्त, डिपॉझिट जप्त म्हणतात ते नेमकं किती? पोरांसाठी विचारतोय.

दुरुस्तीवाला
पोरांसाठी, समजलं. लोकसभेला २५ हजार, विधानसभेला १० हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना निम्मं. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर जप्त. लोकसभा-विधानसभेला उमेदवार २५ वर्षांचा लागतो, राज्यसभेला ३०. सरपंच किंवा नगरसेवक मात्र २१ व्या वर्षी होता येतं. तुमच्या गल्लीतल्या तिघा युवा नेतृत्वांना कळवा.

मुलांना आवडेल असं अजून एक. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, ते लोकसभेवर निवडून आले नाशिकमधून. १९६३ ची पोटनिवडणूक आणि तीही बिनविरोध. त्याआधी १९५७ ला नाशिकचे खासदार होते दादासाहेब गायकवाड. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे तेच. पंचवटीत राहणाऱ्या मुलांना मंदिर माहीत असतं, पण २ मार्च १९३० ला तिथे सुरू झालेल्या लढ्यातला माणूस पुढे त्यांच्याच शहराचा खासदार झाला, हे माहीत नसतं. संसदेची वाट कधी कधी देवळाच्या बंद दारावरून जाते.

वाचनवेडी
सतरा पूर्ण झालेल्या मुलांना मतदार नोंदणीचा अर्ज आधीच भरता येतो ना? नमुना ६?

दुरुस्तीवाला
हो. २०२२ पासून वर्षात चार तारखा आहेत. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. पूर्वी फक्त १ जानेवारी होती, त्यामुळे २ तारखेला जन्मलेल्यांचं वर्ष वाया जायचं. पदवीधर मतदारसंघाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे दर निवडणुकीला यादी नव्याने होते, नमुना १८ पुन्हा भरावा लागतो. निम्मे पदवीधर तिथेच नापास होतात.

गोदाकाठचा, अजून एक सुचलं. मुलांना प्रश्न *लिहायला* लावा. लोकसभेच्या नियमांत प्रश्न कसा असावा तेही आहे. १५० शब्दांच्या आत, त्यात युक्तिवाद नको, अनुमान नको, आरोप नको आणि उपरोधही नको. आपण मराठी माणसं उपरोधाशिवाय प्रश्न विचारूच शकत नाही, तेव्हा चांगली कसरत होईल.

गोदाकाठचा
आज दुसरा तास झाला. घरी येऊन चहा न पिता लिहितोय.

आधी तिला, म्हणजे बारावी_कलाला, सगळ्यांसमोर उत्तर दिलं. १९९२ चा कायदा, अधिसूचना, हिवाळी अधिवेशन. मग कारकून साहेबांचे खोके. लग्नपत्रिका माझ्या पुतणीच्या लग्नातल्या उरलेल्या होत्या. मागे गणपती आणि पुढे “नीट परीक्षा”. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा विषय एका मुलाने स्वतःच लिहून आणला होता. तो महापालिकेच्या खोक्यात पडला, मग दुसऱ्याने काढून राज्याच्या खोक्यात टाकला, कारण झाडं वाचवायचा १९७५ चा कायदा विधिमंडळाचा आहे. तिसरा म्हणाला, पण वृक्ष प्राधिकरण महापालिकेत आहे आणि हरकती तिथेच द्यायच्या होत्या. वीस मिनिटं त्यातच गेली. शेवटी तुकडा फाडून दोन खोक्यांत टाकला. पक्षादेशाचा खेळ राहिला, पुढच्या वेळी.

मग प्रश्न लिहिले. अध्यक्ष म्हणून बारावी_कलाला बसवलं आणि नियम तिच्या हातात दिला. फार कडक निघाली हो. वीसातले अकरा प्रश्न तिने परत पाठवले. “सरकार झोपलं आहे का?” हा उपरोध. “मंत्र्यांना शेतकऱ्यांची काळजी नाही हे खरे आहे का?” हा आरोप. एकाने चिडून तिसऱ्यांदा लिहिलं आणि तेव्हा तो मंजूर झाला.

मागच्या वेळी भिंतीला टेकून झोपलेला गडी आठवतो? त्याने एकच ओळ लिहिली होती. “कांद्याच्या निर्यातीवर बंदी घालण्यापूर्वी सरकारने कोणाकोणाशी आणि कोणत्या तारखेला चर्चा केली?” अध्यक्षांनी दोनदा वाचला आणि “तारांकित” असं लिहून माझ्याकडे दिला.

उन्हाळ_कांदा
काका, तो प्रश्न जसाच्या तसा मला पाठवा. आमच्याकडे खासदारांच्या कार्यालयात एक ओळखीचा आहे. मंजूर होईल न होईल, नोटीस तरी जाऊ दे.

चिवडा_तिखट
नातू नववीत आहे. शनिवारी पाठवला तर चालेल का? बॅनरवर फोटो मात्र येता कामा नये.

गोदाकाठचा
पाठवा. साडेपाचला. चटया कमी पडतायत, त्याच्याबरोबर एक द्या.